पाठ न दाखवणाऱ्या चंदाकाकू

चंदाकाकूंची पाठ मी कधी पाहिली नव्हती. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक बुटकी भिंत आहे. तिच्यावरून आम्ही वर्षानुवर्षं कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि कॉलनीतल्या भानगडी यांची देवाणघेवाण करत आलो आहोत. त्यांच्या कपाळावरचं गोंदण कोणत्या बाजूला पुसट झालंय ते मी डोळे मिटून सांगेन. पण त्यांचा खोपा मागून कसा दिसतो, ते मला ठाऊक नव्हतं. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण काकू कुणालाही पाठ दाखवत नाहीत. आमच्याकडे येतात, चहा घेतात, माझ्या बायकोशी, सुनंदाशी, मनसोक्त बोलतात. निघायची वेळ झाली की उठतात, हात जोडतात आणि आमच्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी निघतात. एक हात मागे करून चौकट चाचपतात, पायऱ्या उतरतात, फाटक मागच्या मागे उघडतात आणि रस्त्याच्या कडेने तशाच आपल्या घरापर्यंत जातात. त्या सबंध वेळात बोलणं चालूच असतं. दूधवाला त्यांना पाहिलं की गाडी थांबवून धरतो. मी जन्मभर भूमापन खात्यात नोकरी केली, शेतांच्या हद्दी आखल्या. मागे न पाहता इतकी सरळ रेषा चालणारं माणूस माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

अर्थात सगळीकडे रेषा मोकळी मिळत नाही. एकदा किराणा दुकानातून अशाच मागे मागे निघताना त्या तुरीच्या डाळीच्या उघड्या पोत्यात बसल्या. अंगभर डाळ झाली. दुकानदार गल्ल्यावरून उठून धावला. काकूंनी पोत्यात बसल्या बसल्या, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्याला सांगितलं, "आन् पावशेर गूळ दे." बँकेतल्या बंदूकधारी रखवालदाराला तर बरेच दिवस त्यांचा संशय होता. खिडकीवरून पैसे घेऊन उलटं चालत बाहेर पडणारी म्हातारी त्याच्या प्रशिक्षणात बसत नव्हती. देवीच्या देवळात तेवढं बरं असतं. तिथे सगळेच देवीला पाठ न दाखवता मागे मागे सरतात. त्या गर्दीत काकू चारचौघींसारख्या दिसतात.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, की काकू, हे काय?

"पब्लिकले पाठ दाखवाची नसते भाऊ," त्या म्हणाल्या. "आबाजीनं सांगतलं हाये."

पब्लिक म्हणजे मी, सुनंदा, दूधवाला, रखवालदार आणि डाळीचं पोतं. आबाजी म्हणजे त्यांचे आजोबा, सोनाजी. काकूंना समजून घ्यायचं तर या सोनाजीला समजून घ्यावं लागतं, कारण काकूंमध्ये जे काही आहे ते त्यांनी घडवलेलं आहे. मी त्यांना पाहिलं नाही. त्यांचा एक फोटोसुद्धा शिल्लक नाही. तरी ते आमच्या कॉलनीत रोज वावरतात असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

सोनाजी अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या कुणब्याचा पोरगा. त्या काळी कापूस विकला गेला की वऱ्हाडात लोकांच्या हातात पैसा खुळखुळायचा आणि त्या सुमाराला नाटक मंडळ्या हमखास अकोला-अमरावतीचा दौरा काढायच्या. अशाच एका मंडळीच्या बैलगाड्यांमागे सोनाजी चालत गेला तो गेलाच. रंग गोरटेला, बांधा नाजूक, आवाज अजून न फुटलेला. मालकाने त्याला लुगडं नेसवलं आणि हातात तबक देऊन दासी म्हणून उभं केलं. पहिल्याच प्रयोगात तबक राणीपुढे ठेवून सोनाजी वळला आणि प्रेक्षकांना पाठ करून आत निघून आला. पडद्याआड मालकाने त्याच्या अशी मुस्कटात मारली की कानातली कुडी उडाली. "ते तिकडं बसलेले लोक काय तुझी पाठ पाहायला कोस कोस चालून आले?" असं मालक म्हणाला म्हणे. तेव्हापासून सोनाजीने कुणाला पाठ दाखवली नाही. रंगमंचावरही नाही आणि घरीही नाही.

पुढे दासीची सखी झाली आणि सखीची नायिका. काकू सांगतात, की सोनाजींनी नेसलेलं लुगडं पाहायला अकोल्याच्या बायका यायच्या आणि घरी जाऊन तसा पदर घ्यायच्या. तो पदर त्यांना जमायचा नाही, तेव्हा त्या आपापल्या नवऱ्यांना पुन्हा नाटकाला न्यायला लावायच्या. यातलं किती खरं ते मी मोजलेलं नाही. ज्या हद्दीचे दगडच राहिले नाहीत ती मोजायला जाऊ नये, एवढं मला नोकरीने शिकवलं आहे.

मग सिनेमा आला. आवाज नसलेला. एका कंपनीने सोनाजींना राण्यांची कामं करायला नेलं, कारण बायका तेव्हा कॅमेऱ्यापुढे उभ्या राहायला तयार नव्हत्या. उन्हात काम चालायचं. तोंडाला पांढरा रंग फासलेला, समोर ऊन फेकायला पत्रे धरलेले, डोळे उघडे ठेवायची मारामार. बोललेलं कुणाला ऐकू जाणार नव्हतं, पण ओठ हलायला हवेत असं सिनेमा कंपनीच्या मालकाचं सांगणं. सोनाजींना बोलायला शब्द कुणी दिले नव्हते. मग दुःखाने व्याकूळ झालेली राणी आभाळाकडे हात करून म्हणायची, "घरी म्हशीले सरकीची ढेप टाकली असन का वं कोनी?"

गावोगाव लोक त्या जागी रडले. मग तो सिनेमा अकोल्यात आला, तंबूत लागला. राणीचं राज्य गेलं, राणीने आभाळाकडे हात केले आणि अख्खा तंबू खो खो हसला. वऱ्हाडातल्या माणसाला सोनाजीच्या ओठांवरचं वऱ्हाडी ओळखायला आवाजाची गरज नव्हती. "टाकली, टाकली," असं मागून कुणी तरी ओरडलं. मालक त्या दिवशी नेमका तंबूत बसला होता.

"मंग मालकानं सांगतलं," काकू म्हणतात, "सोन्या, याच्यापुढं दुःखाच्या टायमाले तोंड दाखवू नोको. तिकडं फिरून उभा राह्य."

ही गोष्ट सांगताना त्या इथपर्यंत हसत येतात आणि इथे त्यांचं हसणं थांबतं. ज्याने पाठ दाखवली म्हणून मार खाल्ला त्याला आता त्याच गोष्टीसाठी पगार मिळू लागला. थोड्याच दिवसांत बायका कॅमेऱ्यापुढे येऊ लागल्या, नंतर सिनेमा बोलायला लागला आणि सोनाजी अकोल्याला परतले. येताना त्यांनी कुणाला काही आणलं नाही. आल्यावर पहिलं काम त्यांनी मिशी वाढवायचं केलं, कारण सगळ्या तरुणपणात ती ठेवता आली नव्हती. पोटासाठी बांगड्यांच्या दुकानावर बसू लागले. नव्या नवरीचा हात हातात घेऊन म्हणायचे, "ढिला सोड माय, रुसल्यावानी." बांगडी आपोआप चढायची. अकोल्याच्या बायका त्यांना हसायच्या आणि बांगड्या त्यांच्याचकडे भरायच्या.

काकूंची आई बाळंतपणात गेली. आजी त्याआधीच गेलेली. वडील कापसाच्या जिनिंगात सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. तान्ह्या चंद्रकलेला वाढवलं या मिशीवाल्या राणीने. मुली आयांकडून शिकतात ते सगळं ही मुलगी एका पुरुषाकडून शिकली. वेणी कशी घालायची, लुगड्याचा काष्टा कसा सावरायचा, पाहुण्यांपुढे पाणी ठेवताना मान किती लववायची, हसू आलं तर तोंडावर पदर कसा घ्यायचा. आमच्या कॉलनीत शिकल्यासवरल्या बायका खूप आहेत, पण काकू चालत आल्या की सगळ्याजणी नकळत ताठ बसतात. "आपन बायका असून आपल्याले असं जमत नाई," असं सुनंदा दर वेळी म्हणते. मी गप्प राहतो. गप्प राहणं हे माझं या घरातलं मुख्य काम आहे.

काकूंचं रडणंसुद्धा शिकवलेलं. कुठे मयत झाली की कॉलनीतल्या बायका आधी काकूंना बोलावतात. त्या येतात, मृताच्या माणसांसमोर बसतात, पदराचं टोक दोन बोटांत धरतात आणि फक्त डावा डोळा टिपतात. उजवा वाहत राहतो. मी एकदा कारण विचारलं. "दोन्ही डोये पुसले तं तोंड झाकते भाऊ. मंग लोकाइनं काय पाहाव?" हे ऐकून वाटेल की ते रडणं खोटं असेल. तसं नाही. आमच्या शेजारचे वर्धने गेले तेव्हा काकू तीन दिवस जेवल्या नाहीत. पण रडल्या एकाच डोळ्याने.

बोलणंही तसंच, मागच्या रांगेपर्यंत पोचणारं. काकूंनी तुमच्या कानात सांगितलेलं गुपित कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आधी कळतं. "मागच्याले ऐकू गेलं पायजे," हे त्यांचं पालुपद. मग तो मागचा म्हणजे कोण, असं विचारायची सोय नाही. कुणीतरी मागे बसलेलं असतंच अशी त्यांची खात्री आहे.

त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. तो फोनवर दिसतो, पण आमच्याकडे फोनचं काही खरं नाही. चित्र येतं आणि आवाज जातो. अशा वेळी कॉलनीत सगळीकडे "ऐकू येते का, ऐकू येते का" असा आरडाओरडा सुरू होतो. काकूंना मात्र आवाज गेला की हुरूप येतो. त्या फोन भिंतीला टेकवून ठेवतात, चार हात मागे जातात आणि हातांनी, भुवयांनी, मानेच्या एका झटक्याने विचारतात: जेवलास का, वाळलास किती, सून कुठाय, येणार कधी. मुलगा तिकडून सगळ्याची उत्तरं देतो. शेवटच्या प्रश्नाला तो बहुतेक वेळा हात हलवतो. त्याचा अर्थ काकूंना बरोबर कळतो. त्या हसून मान डोलावतात आणि फोन उचलायला पुढे येतात.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही तिघं आमच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सुनंदाला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "काकू, तुमी कोनालेच पाठ दाखवत नाई. तुमाले कोनी दाखवली का कधी?"

मला वाटलं, काकू हसतील. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आबाजीनं," त्या म्हणाल्या. "एक डाव. अकोल्याच्या ठेसनावर."

लग्न अकोल्यात लागलं होतं. वरात आगगाडीने बडनेऱ्याला येऊन तिथून अमरावतीला जायची होती. नव्या नवरीला खिडकीशी बसवलं. खाली फलाटावर सोनाजी उभे होते, डोक्याला रुमाल, खांद्यावर उपरणं. सबंध लग्नात ते हसतमुख होते, व्याह्यांची चेष्टा करत होते. गाडीने शिट्टी दिली. चंद्रकलेने खिडकीतून हात काढला. आणि सोनाजी वळले. तिच्याकडे पाठ करून उभे राहिले ते गाडी हलली तरी वळले नाहीत.

"मी हाका मारल्या. मागच्याले ऐकू जाईन अशा. पन नाई पायलं. हात मागं करून उपरन्याच्या टोकाले चुन्या घालत होते. एकीवर एक, एकीवर एक. जसं काई तेच काम हाये."

त्यानंतरच्या पावसाळ्यात सोनाजी गेले. निरोप पोचला तेव्हा नाल्यांना पूर होता, गाड्या बंद होत्या. काकू पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणजे आबाजींचं जे शेवटचं दर्शन त्यांना मिळालं, ते त्या पाठीचं.

"मले त्याइनं लहानपनी सांगतलं होतं," काकू म्हणाल्या, "का पाठ फक्त त्याले दाखवाची, ज्याच्यासंगं आपलं संपलं. मंग माह्यासंगं काहून संपलं होतं त्याइचं? मी काय केलतं? इतकी वर्षं झाली, मी हे कोनाले विचारू भाऊ?"

हे त्यांनी आवाज न चढवता विचारलं. इस्त्रीवाल्याला ऐकू गेलं नसेल. मी तुरीच्या शेंगा सोलत राहिलो. त्या दिवशी त्या उलट्या पावलांनी निघाल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्याची गंमत वाटली नाही. या बाईने जन्मभर एकाही माणसाला, अगदी किराणा दुकानदारालाही, आपल्याशी हिचं संपलं असं वाटू दिलं नव्हतं.

यानंतर काही महिन्यांनी अकोल्याहून वानखडे मॅडम म्हणून एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. त्या कॉलेजात इतिहास शिकवतात. अंजनगाव सुर्जीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात गंजलेला डबा सापडला होता. व्यापाऱ्याचे पणजोबा तंबू लावून सिनेमे दाखवायचे. डब्यातली बरीचशी फिल्म विरघळून गेली होती, पण एक तुकडा वाचला होता. मॅडमनी तो बाहेरगावाहून साफ करून आणला होता. डब्यावरच्या नावावरून जुन्या लोकांनी सांगितलं की हा त्याच कंपनीचा, अकोला हसल्यानंतर काढलेला सिनेमा. त्यातली राणी म्हणजे सोनाजी असणार. पण चेहरा नीट उरलेला नाही, तर ओळखायला कुणी आहे का? शोधत शोधत त्या काकूंपर्यंत आल्या होत्या. काकूंच्या फोनचा आवाज नेहमीसारखा गेला, म्हणून त्यांनी माझा नंबर मिळवला.

मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंड दिसन का जराकसं? डोये दिसले तरी चालते. आबाजीचे डोये पाहीन, मंग मले समजन."

काय समजेल ते विचारायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं.

आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीने गेलो. काकू नऊवारी नेसल्या होत्या. डब्यात उलटं चढता येत नाही आणि फलाटावर पब्लिक, म्हणून त्या खेकड्यासारख्या आडव्या चढल्या. अकोल्याला उतरल्यावर फलाटावर त्या एका जागी थांबल्या. जुनं काही राहिलेलं नव्हतं, पाण्याचं यंत्र होतं आणि वडापावची गाडी. "इथंच कुठंसं," एवढं म्हणून त्या चालू लागल्या.

कॉलेजच्या सभागृहात मुलं, प्राध्यापक, गावातली काही म्हातारी मंडळी जमली होती. मॅडमनी काकूंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. काकू शेवटच्या रांगेत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. पहिल्या रांगेत बसलं तर सगळ्या सभागृहाला पाठ होते. मॅडमनी समजूत घालून पाहिली, मी त्यांना खुणेने सांगितलं की सोडून द्या.

दिवे मालवले. पडद्यावर आधी नुसता पांढऱ्या डागांचा पाऊस. मग डागांआडून एक आश्रम दिसला, झाड, ओटा. ओट्यावर दीड-दोन वर्षांची मुलगी बसवलेली. राणी तिच्यासमोर वाकलेली. राणीच्या चेहऱ्याच्या जागी फिल्म खाल्लेली होती, तिथे एक पांढरा ढग हलत होता. काकू पुढे झुकल्या. ढग तसाच राहिला. राणीने मुलीच्या गालावरून हात फिरवला, मुलगी हसली. राणीला तिला तिथेच सोडून जायचं होतं, एवढं न सांगता कळत होतं. राणी उठली, आणि चेहरा डागांतून मोकळा व्हायच्या आत वळली. आमच्याकडे आणि त्या मुलीकडे पाठ.

त्यानंतर तुकडाभर फक्त पाठच होती. सभागृहात चुळबुळ झाली. "पाठच पाहाले बोलावलं का?" असं पुढून कुणी तरी पुटपुटलं आणि दोघेचौघे हसले.  म्हातारीने इतकी वर्षं जे विसरायचा प्रयत्न केला तेच तिला दाखवायला आम्ही अकोल्याला घेऊन आलो होतो.

पण पाठ नुसती उभी नव्हती. डावा खांदा वर गेला होता आणि खाली येत नव्हता. मानेवरचा खोपा किंचित थरथरत होता, बाकी सगळं अंग धरून ठेवलेलं. मग राणीचा उजवा हात मागे आला. त्याने पदराचं टोक चाचपून धरलं आणि चुण्या घालायला सुरुवात केली. एकीवर एक, एकीवर एक. घातलेल्या चुण्या सुटायच्या, हात पुन्हा पहिल्यापासून घालायचा. ओट्यावरची मुलगी ते पाहत हसत होती. तिला आई दिसत होती, आईचं तोंड दिसत नव्हतं. तिने तोंड पाहू नये यासाठीच तर ती पाठ फिरवलेली होती. चेहऱ्याने रडलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे. पाठीने रडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"रडून राहिले," काकू म्हणाल्या.

त्या हळू म्हणाल्या असतील, त्यांच्या मते. पण आवाज मागच्या रांगेतून थेट पडद्यापर्यंत गेला. हसणारे थांबले.

"आबाजी रडून राहिले वं. पाहा. ठेसनावर असेच उभे होते. ते रडून राहिले होते माय, आन् मले वाटलं..."

तेवढ्यात तुकडा संपला. पडदा पांढरा झाला. वानखडे मॅडम दिवे लावायला निघाल्या होत्या, त्या बटणाजवळच थांबल्या. सुनंदाने काकूंचा हात धरला होता. काकूंनी दुसऱ्या हातानेही पदर डोळ्यांना लावला नाही. दोन्ही डोळे वाहत होते आणि त्या अंधारात ते कुणाला दिसावेत अशी त्यांची काही इच्छा नव्हती.

"बाई," त्या मॅडमना म्हणाल्या, "आनखी एक डाव लावता का?"

मॅडमनी लावलं. त्या खेपेला सभागृहात कुणी हललं नाही. नंतर मॅडमनी त्यांच्याजवळ येऊन विचारलं, की मग राणी तेच होते असं आम्ही नक्की समजावं ना? "तेच होते," काकू म्हणाल्या. "तोंड पायलं असतं तं मी कदाचित चुकली असती."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि मूर्तिजापूर येईपर्यंत बाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीच्या शेतांकडे पाहत राहिल्या. बडनेऱ्यानंतर रिक्षात त्यांनी सुनंदाला एकच गोष्ट सांगितली. आपलं लग्न ठरल्यापासून आबाजींनी घरातलं रोजचं गुणगुणणं बंद केलं होतं, हे त्यांना आज आठवलं. इतकी वर्षं ते आठवलंच नव्हतं.

आम्ही कॉलनीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रिक्षा आमच्या दारात थांबली. सुनंदा चहाला बोलावत होती, पण काकू नको म्हणाल्या. आमच्यासमोर उभ्या राहून त्यांनी नेहमीसारखे हात जोडले.

"येतो बरं भाऊ," त्या म्हणाल्या.

दूधवाला कोपऱ्यावर आला होता. त्याने सवयीने गाडी थांबवली. मीही सवयीने रस्त्यावर एखादा दगडबिगड नाही ना, ते पाहून घेतलं.

काकू क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या वळल्या आणि आमच्याकडे पाठ करून आपल्या घराकडे चालू लागल्या. खोपा लहानसा होता, पांढरा, एका काट्याने सावरलेला. मानेखाली लुगड्याची कड जरा विटलेली होती. म्हातारी बाई मागून दिसते तशाच त्या दिसत होत्या. फाटकापाशी पोचता पोचता त्यांचा उजवा हात मागे आला, पदराचं टोक त्याने चाचपून धरलं आणि चुण्या घालू लागला.

सुनंदा हाक मारणार होती. मी तिचा हात धरला. काकूंचं दार लागेपर्यंत आम्ही दोघं आणि तो दूधवाला तिथेच उभे राहिलो.